घडीवर कापलेला ब्लाउज

शिवडी,
६ एप्रिल २०२५

प्रिय नमूताईस,

सप्रेम जय भीम. अजितभावजींना आणि तुझ्या सासूबाईंना माझा जय भीम सांग, मनवाचा माझ्या वतीने एक पापा घे. आम्ही दोघं इकडे बरे आहोत. तुम्ही सगळे मजेत असाल.

पाकीट बघून तू दचकली असशील. मी जन्मात कुणाला पत्र लिहिलेलं नाही. दहावीच्या पेपरात पत्रलेखन मी ऑप्शनला टाकलं होतं, आणि तरी मराठीत पास झालो, त्यामुळे गरज कधी वाटली नाही. पण फोनवर जमत नाही गं. ही भाड्याची खोली नायगावच्या आपल्या खोलीहून लहान आहे, कुठेही उभा राहिलो तरी आई हाताच्या अंतरावर. व्हॉइस नोट पाठवली तर तू भाकऱ्या थापताना मोठ्याने लावणार आणि भुसावळचं अख्खं घर ऐकणार. मेसेज लिहिले होते. लिहिले आणि पुसले. शेवटी हा कागद घेतला.

काम विचारशील तर सध्या पार्सल पोचवतो. टिकलोय, हसू नको. मध्ये पार्सल द्यायला जेट्टीकडे गेलो तर खाडीत हे एवढे फ्लेमिंगो, चिखल सगळा गुलाबी. बघत उभा राहिलो आणि पार्सल लेट झालं. कस्टमरने एक स्टार दिला. असो.

तू आईवर अजून चिडलेली आहेस ते मला माहीत आहे. पहिलं बाळंतपण माहेरी केलं नाही, बारशालाही आली नाही, तुझ्या जागी मी असतो तर मीही बोललो नसतो. त्याबद्दल मी आता काही बोलत नाही. मला तुला शिवणातलं विचारायचं आहे.

मी आईसाठी ब्लाउज शिवतोय. खरंच. तुझी मशीन इथेच आहे ना, तिला तेल घातलं. हंपीला ज्या हॉस्टेलवर राबत होतो तिथे जुन्या साड्यांच्या पिशव्या शिवायचो, सरळ शिलाई मला येते. वळणावर घाबरतो, पण येते. आईचे ब्लाउज शिवणारी कौसल्यामावशी असती तर प्रश्नच नव्हता, पण नायगावची चाळ पाडायला रिकामी झाली तशी ती मुलाकडे बदलापूरला गेली, आणि दुसऱ्या कुठल्या टेलरकडे आई जायलाच तयार नाही. मग मी दादरला जाऊन ब्लाउजचा तयार पेपर पॅटर्न आणला. कटोरी ब्लाउज, साइज अडतीस. पाकिटात खाकी कागदाचे कापलेले तुकडे असतात, पाठ, पुढा, कटोरी, पट्टी, बाही. कापडावर ठेवायचे, खडूने आखायचे, कापायचे. दुकानदार म्हणाला, “मॅडमला आणायची गरजच नाही. साइज सांगा, बास.” त्याचं हे वाक्य मला फार आवडलं. का आवडलं ते पुढे सांगतो.

आधी मांजरपाटावर ट्रायल केली, यूट्यूबवाल्या बाईने सांगितलं तसं. मागचा गळा उघडा पडला, त्यातून आख्खा हात जाईल एवढा. तो आवळला तर शोल्डर घसरायला लागले. शोल्डर उचलले तर मुंढा काखेत काचायला लागला. म्हणजे एका ठिकाणी बरं करायला जावं तर दुसरीकडे बिघडतं. इंटरनेटवर वाचलं तर सगळ्या बायकांचं हेच रडगाणं. पॅटर्नवाले म्हणे एकच बाई धरून चालतात, आणि ती बाई कुणीच नसते. वाचून मला बरं वाटलं. चूक पॅटर्नची, आपली नाही.

आता खरी अडचण. डावी बाही चढत नाही. उजवी आरामात चढते, डावी कोपराच्या वर अडकते. दोन्ही एकाच कागदावरून, एकाच वेळी कापलेल्या. आणि डावी कटोरी बसत नाही. म्हणजे घट्ट नाही होत, उलटं. चुण्या पडतात आणि कापड आत जातं.

तू म्हणशील, गाढवा, माप घेतलंस का.

नाही घेतलं. आईच्या दिवाळीतल्या ब्लाउजच्या आत अडतीस लिहिलं होतं, ते बघून पॅटर्न आणला.

ताई, मनवा मांडीवर असेल तर तिला खाली ठेव.

दिवाळीनंतर आईच्या डाव्या बाजूला गाठ निघाली. वरची खाडाखोड दिसत असेल, तिथे मी सरळ शब्द लिहीत होतो, हात धजत नाही. परळच्या हॉस्पिटलात ऑपरेशन झालं. डावी बाजू पूर्ण काढली. आता ती चांगली आहे, हे मी तुला बरं वाटावं म्हणून सांगत नाहीये, डॉक्टर म्हणाले. केमो लागली नाही. गोळ्या चालू आहेत आणि तपासायला बोलावतात. फक्त डावा हात सुजतो. आता तुला बाहीचं कळलं.

तेव्हा तुला आठवा चालू होता. आधीच्या खेपेला पोटातलं गेलं तेव्हा तुझं कसं झालं होतं ते आई विसरलेली नाही. तिने मला शपथ घातली, नमूला कळता कामा नये. मनवा झाल्यावर म्हणाली, बारसं होऊ दे. बारसं झाल्यावर म्हणाली, ओली बाळंतीण आहे, दूध आटेल. आता तीन महिने झाले, आता म्हणते उन्हाळा जाऊ दे. व्हिडिओ कॉलवर ती पदर दोन्ही खांद्यांवरून घेऊन बसायची आणि तू म्हणालीस, काय गं आई, एकदम म्हातारी झालीस. फोन ठेवल्यावर ती पदर तसाच धरून बसली होती.

बारशाला ती का आली नाही, ते ब्लाउजमुळे. बॅग भरली होती, तिकीट काढलं होतं, मनवाची झबली, डिंकाचे लाडू, सगळं. निळ्या काठाची पांढरी साडी इस्त्री करून ठेवली होती. ब्लाउज घातला आणि आरशासमोर गेली. परळच्या बाईंनी आत घालायला एक पॅड दिलंय, ते वर सरकतं. तिथे तिने रुमाल कोंबून बघितला, मग टॉवेलचा तुकडा. मग बॅगेतनं एकेक वस्तू बाहेर काढायला लागली. मी म्हटलं, पंजाबी ड्रेस घाल, वर ओढणी घे. तर म्हणाली, “नातीला पहिल्यांदा बघायला जाऊ ती व्याह्यांच्या घरी सोंग काढून जाऊ?” तुला फोन मी केला होता, आईला ताप आहे म्हणून. तापाची आयडिया माझी.

आता ती कुठेच जात नाही. विहारात नाही, बाजारात नाही. परळला जाते ती गाऊनवर शाल घेऊन. अंगावर नीट बसेल असा एक ब्लाउज झाला तर मनवाला बघायला येईन, हे मात्र ती स्वतःच्या तोंडाने म्हणाली आहे. म्हणून मी बसलोय मशीनवर.

आणि मीच घोळ घालतोय. ऑपरेशननंतर घरी ड्रेसिंग करायची तेव्हा मी कापूस आणि पट्टी हातात देऊन भिंतीकडे तोंड करून उभा राहायचो. आई म्हणायची, दे. मी मागे हात करून द्यायचो. सगळ्यांना वाटतं धम्मा सुधारला, आईची सेवा करतो. शेजारची बाई माझं उदाहरण देते. मी एकदाही बघितलेलं नाही, ताई. दुकानदार म्हणाला मॅडमला आणायची गरज नाही, तेव्हा मला म्हणून सुटल्यासारखं वाटलं.

परवा ट्रायल घालून आई उभी होती. मी खाली बसून नुसती कंबरेची पट्टी बघत होतो, वर मान केली नाही.

“पॅटर्नमध्येच लोचा आहे,” मी म्हटलं. “हे लोक कायपण छापतात.”

“किती बायका घेत असतील रे हा कागद?”

“असतील हजारो.”

“त्यांना बसतो ना?”

मी पट्टीतली एक टाचणी काढून परत तिथेच लावली.

“मग कागद बरोबर आहे, धम्मा. मीच बरोबर नाही राहिले.”

आणि एकेक टाचणी काढून वाटीत टाकायला लागली. मला बोलायला हवं होतं. मी विचारलं, चहा ठेवू का.

ते वाक्य माझ्यामुळे तिच्या तोंडात आलं. पॅटर्नला शिव्या देत बसलो नसतो, आधीच टेप घेतली असती, तर आलं नसतं. म्हणून तुला लिहितोय. तू ये. भावजींना सांगून चार दिवस ये, मनवाला घेऊन. माप तू घे. बाईमाणसाचं काम आहे, आणि तुला शिवण येतं.

८ एप्रिल

ताई, वरचं पत्र पोस्टात घेऊन गेलो होतो. लाइनीत उभा होतो आणि शेवटच्या चार ओळी डोक्यात घोळत होत्या. बाईमाणसाचं काम, असं मी लिहिलंय. तू आलीस की मी सुटलो, एवढाच त्याचा अर्थ आहे. पुन्हा भिंतीकडे तोंड. माझा नंबर आला आणि मी बाहेर पडलो. काउंटरवरच्या बाईंना वाटलं असेल, वेडा आहे.

घरी आई तांदूळ निवडत होती.

“टेप कुठे आहे?” मी म्हटलं. “तुझं माप घ्यायचंय.”

“तुझा तो कागद?”

“कागद राहू दे.”

तिने ताट बाजूला सरकवलं. मग म्हणाली, “दार लाव.”

मी बघितलं. काखेपासून मधोमधपर्यंत एक रेघ आहे, थोडी जांभळी. बाजूची कातडी ताणलेली, चकचकीत, खाली फासळी कळते. दुसरी बाजू आईची, नेहमीसारखी. मला काहीतरी भयंकर वाटलं होतं इतके महिने. भयंकर नव्हतं. तिने एवढं सोसलं तेव्हा मी पाठ करून उभा होतो, ते मात्र होतं.

“कसं दिसतंय?”

“टाके सरळ आहेत. माझ्यापेक्षा.”

“तुझ्यापेक्षा सरळ कुणाचेही असतात.” आणि हसली. पोट हललं, टेप घसरली, परत लावली. “लवकर घे, मला गुदगुल्या होतायत.”

मधल्या रेषेपासून उजवीकडे वेगळं माप घेतलं, डावीकडे वेगळं. दोन्ही दंडांचं वेगळं. ताई, तुला ठाऊक असेल, पाकिटावर पहिलीच सूचना असते, कापडाची घडी घाला, दोन्ही बाजू एकदम कापा. मी घडी उलगडली. कापड एकेरी पसरलं आणि पुढचे दोन भाग दोन परक्या माणसांचे असावेत तसे आखले. डावीकडे कटोरी नाही, साधा सपाट पुढा. मुंढा मोकळा ठेवला, तिथे अजून हुळहुळतं. आतून काय करायचं विचारलं तर आईने एकदम ऑर्डर दिली, “आत खिसा लाव. भुसावळला भरून येईन. घरात रिकामा ठेवीन, उकडतं.”

मांजरपाटाचा झालाय. मागचा गळा अजून थोडा उघडा पडतो, त्याचं काय करायचं ते कळव, हे मी खरंच विचारतोय. संध्याकाळी तो कच्चा, धावदोऱ्याचा ब्लाउज तसाच अंगात ठेवून ती पदर एका खांद्यावर टाकून खाली कोथिंबीर आणायला गेली. मी म्हटलं, अगं, टाचण्या आहेत. म्हणाली, टोचल्या तर कळेल.

पांढरं कापड अजून कापलेलं नाही. भीती वाटते, पण कापीन. रविवारची भुसावळची तिकिटं बघतोय, तू येऊ नको, आम्हीच येतो. मी हे लिहिलंय ते तिला माहीत नाही. शपथ मोडली, त्याचं ती मला जे काय करायचं ते करील.

मी दोन्हीकडे वाईट वागलो. तिच्यापाशी असून तिच्याकडे बघितलं नाही, आणि तुला लांब ठेवून तुझ्याशी खोटं बोललो. माफ कर म्हणायला तोंड नाही, लिहायला हात आहे म्हणून लिहितोय.

फोन करशील तेव्हा आधी रडू नको. बारशाला आली नाहीस म्हणून आधी भांड तिच्याशी, नेहमीसारखी, कडाकडा. तू गप्प आहेस तेवढंच तिला सोसत नाही.

तुझा, उशिरा तोंड वळवणारा भाऊ,
धम्मपाल