आधी आत्याचं घर

ती. आत्यास,

तुझ्या एकुलत्या एक भाच्याचा, तुझेच तीन जिने चढून धापा टाकत, साष्टांग नमस्कार. गुडघे काय म्हणतात? उजवा जास्त कुरकुरतो की आता डाव्याचीही त्याला साथ आहे? लेकीच्या घरी तुला काही कमी नाही हे मला माहीत आहे, पण तिथे मिठाचा डबासुद्धा तिने ठेवला असेल तिथे शोधावा लागतो, असं तू मागे म्हणाली होतीस. तळमजल्यावर स्वतःचं लहानसं घर घ्यायची तुझी इच्छा मी विसरलेलो नाही. त्यासाठी तुझं तिसऱ्या मजल्यावरचं घर विकायचं काम तू मोठ्या विश्वासाने माझ्यावर सोपवलंस, आणि हे पत्र त्याबद्दलच आहे. पण आधी आनंदाची बातमी.

आमच्या कंपनीने यंदाही मलाच सर्वोत्तम विक्रेता ठरवलं. सलग तिसऱ्या वर्षी. (बक्षीस घेतानाचा फोटो पाहून तुझा भाऊ, म्हणजे माझे बाबा, एवढंच म्हणाले की शर्टाला इस्त्री करायला हवी होती. त्यांना कौतुक असंच करता येतं.) मला भाषण करायला लावलं. मी सांगितलं की घरं विकण्याच्या धंद्यात एखादं वर्ष कुणाचंही चांगलं जातं. माझ्याबरोबर नोकरीला लागलेला एक जण पहिल्याच वर्षी माझ्या दुप्पट घरं विकून हवेत गेला होता. आज तो विमा विकतो, आणि तोही मलाच. टिकून राहायचं तर सातत्य हवं, असं मी टेबलावर हात आपटून सांगितलं. टाळ्या पडल्या. सातत्य नेमकं कशात, ते मात्र मी तिथे बोललो नाही. ते तुला सांगतो, कारण या यशात निम्मा वाटा तुझा आहे.

आत्या, मी प्रत्येक गिऱ्हाइकाला आधी तुझं घर दाखवतो. ऊन असो, पाऊस असो, माझ्या अंगात ताप असो, यात कधी खंड नाही. लिफ्ट नसल्यामुळे माणूस वर पोचेपर्यंत अर्धा खचलेला असतो. मग दिवाणखान्यातला दिवा लावायला त्याला बाथरूममध्ये जावं लागतं, कारण बटण तिथे आहे. तेवढ्यात शेजारचे निवृत्त कारकून ट्रम्पेटचा सराव सुरू करतात (त्यांचंही सातत्य वाखाणण्यासारखं आहे, प्रगती अजून नाही). एव्हाना गिऱ्हाईक जिन्याकडे वळलेलं असतं. मग मी त्याला दुसरं घर दाखवायला नेतो. दुसरं घर कसंही असू दे, त्याला ते राजवाडा वाटतं. मागे एक बँकेचे साहेब आले होते. भारी चिकित्सक माणूस, भिंतींवर टिचक्या मारून बघणारा. तुझ्या बाथरूमचं दार त्यांच्यामागे बंद झालं आणि बाहेरची कडी आपोआप पडली, ती नेहमी पडते तशीच. ती ओढता ओढता तिची मूठ माझ्या हातात आली. शेवटी ट्रम्पेटवाल्यांनी पक्कड आणून साहेबांना सोडवलं. दुसऱ्या घरात शिरल्यावर साहेबांनी फक्त बाथरूमची कडी चार वेळा लावून-काढून बघितली आणि जागच्या जागी होकार दिला.

मूठ मी दुसऱ्याच दिवशी तशीच्या तशी बसवून घेतली. सुतार कडी बदलतो म्हणत होता, त्याला चहा पाजून परत पाठवला. तुझ्या घराला मी असं जपलं आहे.

आणि आता हे अरिष्ट. मागच्या आठवड्यात एक बाई नवऱ्याला घेऊन आल्या. त्या बँडमास्तर आहेत, जिने न थांबता चढल्या. पलीकडे ट्रम्पेट सुरू झाला तशा त्या खिडकीशी गेल्या आणि एक सूर कुठे चुकतोय ते ओरडून सांगितलं. पलीकडून तो सूर बरोबर आला. मी ऐकतच राहिलो, एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. बाई म्हणाल्या, घर पसंत आहे. मी कडी दाखवली, तर नवरा म्हणाला पाच मिनिटांचं काम. मी बटण दाखवलं, ओल दाखवली, नसलेली लिफ्टसुद्धा दाखवली. दुसरं घर बघा म्हणून अक्षरशः हात जोडले. ते बघायलाही तयार नाहीत, आणि तू सांगितलेली किंमत त्यांनी जशीच्या तशी मान्य केली आहे. माझ्या कारकिर्दीत असं कधी घडलेलं नाही.

सर्वांना नमस्कार. गुडघ्यांना शेक देत जा.

तुझाच,
(सलग तिसऱ्यांदा सर्वोत्तम) भाचा

ता. क. खरं सांगायचं तर पत्र एवढ्यासाठीच लिहिलं: तू त्यांना नाही म्हण. घरात आठवणी आहेत म्हण, किंमत वाढवली म्हण, काहीही म्हण. चौथ्या वर्षाचा प्रश्न आहे.

पुन्हा ता. क. पाकीट बंद करायच्या आधी हे पत्र तुझ्या भाचेसुनेने वाचलं. वाचता वाचता ती खाली बसली, आणि मग तिने स्पीकर चालू करून तुला फोन लावला. मी दाराआडून ऐकत होतो. तिने सगळं सांगितलं, कडीसकट. पलीकडे तू इतका वेळ हसत होतीस की मला तुझ्या गुडघ्यांची काळजी वाटली. घर बँडमास्तर बाईंनाच द्यायचं, असं तू ठरवलंस. ठीक आहे. शब्द तुझा, घर तुझं. पण त्यानंतर तू जो निरोप दिलास, त्याने मात्र माझा ऊर भरून आला, कारण एवढा विश्वास आजवर एकाही गिऱ्हाइकाने माझ्यावर टाकलेला नाही. म्हणालीस, तळमजल्यावरचं घर त्यानेच शोधून द्यायचं, दुसऱ्या कुणाकडे मी जाणार नाही; फक्त त्याला सांग, मला थेट दुसऱ्या घरी ने.