न बोलणारं झाकण

आप्पा,

आपलं गटारावरचं झाकण अजून रस्त्यात आहे. पूर्वी माझ्याबरोबर जेद्दाला कामाला असलेल्या एका मल्याळी दोस्तानं काल मोबाइलवर त्याचा फोटो पाठवला. इतक्या वर्षांत टायरांनी घासून त्याला चकाकी आली आहे, पण त्यावरचा अरबी शब्द अजून वाचता येतो. बलदिया, म्हणजे नगरपालिका. तुम्ही सागवानात कोरलेला आणि मग बिडात ओतलेला. फोटो बघून मी एवढ्या मोठ्यानं हसलो की तुमची सून तव्यावरची भाकरी सोडून बाहेर आली. तिला वाटलं, मला लॉटरी लागली.

तुम्हाला त्या शहराचा कारभार कधी पटला नाही. मी सुट्टीवर आलो की थंड भट्टीशेजारी बसवून तुम्ही माझी उलटतपासणी घ्यायचा. मी सांगायचो, समुद्राकाठचं ते भलं मोठं शहर, त्याचे भाग पाडलेत, प्रत्येक भागाला वेगळी बलदिया, आणि या सगळ्यांवर एक मोठं कार्यालय. दुकानाची पाटी, हॉटेलातल्या आचाऱ्याची नखं, बकऱ्यांचा कत्तलखाना, किनाऱ्यावरच्या बागा, रस्त्यावरचे दिवे, कचरा, सगळं त्यांच्याकडे. रस्ता खणायचा तर त्यांची परवानगी, आणि मुदतीत बुजवला नाही तर दंड. मैलापाण्याचं खातं निराळं, पण पावसाच्या पाण्याची गटारं बलदियाची. "पाऊस पडतोय व्हय तितं?" तुम्ही विचारलं. "वर्सातनं एकांदा दिवस." "आनि त्येच्यासाटी एवढी गटारं?" "त्याच दिवशी शहर बुडतंय, आप्पा." हे मात्र पटलं तुम्हाला. पंचगंगेच्या गावात राहणाऱ्याला पाणी समजावून सांगावं लागत नाही. पण लगेच पुढचा प्रश्न तयार होता. "नगरसेवक कोण हाय?" मी म्हटलं, कोण न्हाय, साहेब वरनं नेमलेला असतोय. "मग गटार तुंबलं की मानसं कुणाच्या दारात जात्यात?" फोन करायचा, गाडी येते, मी म्हणालो. "फोनसंगं भांडून काय मजा, रं लेका?"

झाकण केलं त्या वर्षी आपल्या ओतकामाच्या शेडला अवकळा आली होती. ऑइल इंजिनांची कामं आटली होती, साचे भरणारे दोन्ही मोल्डर इचलकरंजीला यंत्रमागावर गेले होते, आणि मामा दर रविवारी येऊन तेच ऐकवत होता: शेड गोडाऊनला द्या, घरात बसा, नातवंडं खेळवा. तुम्ही मात्र रोज सकाळी जाऊन लेथला तेल द्यायचा आणि बसून राहायचा. मला ते बघवत नव्हतं. माझ्या ठेकेदाराला बलदियाच्या पावसाळी गटारांवर झाकणं पुरवायची होती. मी त्याच्या मागं लागलो की नमुना आमच्याकडून करून घ्या. तो हो म्हणाला आणि मी तुम्हाला फॅक्सनं शब्द पाठवला. अरबीत काही अक्षरं पुढच्याला हात देत नाहीत, म्हणून त्या शब्दाचे तुकडे सुटे पडतात. तुम्ही ते तुकडे एकेक करून कोरले, झाकणाच्या लाकडी फर्म्यावर बसवले, आणि दोन झाकणं ओतली. एक पाठवलं, एक ठेवून घेतलं.

बलदियात आमचं काम बघणारा इंजिनिअर सुदानी होता, उंच, शांत, मोजकं बोलणारा. त्यानं झाकणाकडे पाहिलं आणि शेजारच्या खोलीतून तिघांना बोलावलं. चौघेही हसायला लागले. मला काही कळेना. मग त्यानं बोट फिरवून दाखवलं. उंच तुकडा, बुटका तुकडा, सगळ्यांची डोकी तुम्ही एका रेषेत घेतली होती. म्हणजे शिरोरेषेला टांगलं होतं तुम्ही अरबीला! "हे दोरीवर कुणी वाळत घातलं?" त्यानं विचारलं, आणि नमुना परत केला. नगरपालिकेचं नाव सांगणारी वस्तू आहे, वेडीवाकडी चालणार नाही, म्हणाला. त्याचं बरोबरच होतं. ठेकेदारानं आणखी एकच संधी दिली. तीही गेली तर शेडला मामाचं कुलूप लागणार, हे तुम्हालाही ठाऊक होतं आणि मलाही.

मी फोन केला. "आप्पा, त्यांची अक्षरं टांगायची नसत्यात. ती खालच्या रेषेवर बसत्यात." तुम्ही भडकलात. "अक्षरं बसत्यात? बसायला ती काय पावणं हायत?" आणि फोन आदळलात. दुसऱ्या दिवशी एसटीडी बूथवरून तुमचाच फोन. जन्मात पहिल्यांदा तुम्ही परदेशी फोन लावला, तोही मला झापायला. "बैठक म्हनायचं की. बैठक म्हनला असतास तर एका शब्दात कळलं असतं. आमाला बैठक शिकिवतोस व्हय?"

बैठक म्हणजे चौकटीतली ती कड, जिच्यावर झाकण टेकतं. ती लेथवर सपाट केली नाही की झाकण डुगडुगतं. आपल्या गल्लीच्या कोपऱ्यावर असंच एक होतं. त्यावरून बस गेली की खडाक वाजायचं, आणि कुणी शिवी हासडल्यासारखा तुमचा चेहरा व्हायचा. मला थांबवून सांगायचात, "झाकनानं बोलू न्हाय. वर गाडी, खाली पानी, मदी आपन गप."

दुसरा नमुना आला. बलदियाच्या आवारातल्या रस्त्यात तो बसवला. अजून मला ती दुपार दिसते. भरलेली कचरागाडी लांबून येते आहे. सुदानी इंजिनिअर रस्त्याकडेला उकिडवा बसला आहे, डोळे मिटून, कान झाकणाकडे करून. चाक चढतं, उतरतं. काही नाही. तो हात हलवतो, गाडी मागं येते, या वेळी जोरात. काही नाही. तो उठतो, गुडघे झटकतो, शब्दावरून बोटं फिरवतो आणि माझ्याकडे बघून म्हणतो, "आता बसलं." मी तिथंच उन्हात शिट्टी मारली. नोकरी जायची वेळ आली असती, पण मारली.

मी धावत जाऊन तुमच्या चौकातल्या बूथवर फोन लावला. मालकानं पोरगं पाठवून तुम्हाला बोलावलं. "झाकन काय बोललं?" तुम्ही विचारलंत. "कायबी न्हाय बोललं." आणि मग रिसीव्हर बाजूला धरून तुम्ही अख्ख्या चौकाला ओरडून सांगितलंत ते मला जेद्दात ऐकू आलं. "गप हाय म्हनतोय! आमचं झाकन तितं गप हाय!" ठेकेदाराची ऑर्डर आली, भट्टी पेटली. मोल्डर इचलकरंजीहून परत आले. मामा पेढे घेऊन आला आणि म्हणाला, मला पहिल्यापासनं खात्री होती. तुम्ही त्यालाही पेढा दिलात, त्याच्याच पुड्यातला.

तुम्ही गेल्यानंतर एकदा तिथं धो धो पाऊस झाला. बलदियाची माणसं झाकणं उघडून पाणी सोडत होती, परत बसवत होती. मी बूट भिजवत आपल्या झाकणावर उभा राहिलो, छाती फुगवून, फेटा बांधल्यासारखा. पुढं तिथं निवडणूकही झाली, निम्मे सभासद लोकांनी निवडले. तुम्हाला फोन करून सांगायचं होतं की भांडायला माणूस मिळाला.

हा कागद कुठं जाणार नाही, म्हणून एक सांगून टाकतो. ते पहिलं, दोरीवरचं झाकण तुम्ही शेडमागच्या चेंबरवर टाकलं होतं, पालथं, कुणाला अक्षरं दिसू नयेत म्हणून. जेद्दा सोडून शेड चालवायला आल्यावर मी ते उलथून सुलटं केलं आहे. चौकट त्याची नाही, त्यामुळे पाय पडला की ते बोलतं, खडाक. तुमचा नातू म्हणतो, खाली रबराची पट्टी घाला, गप्प होईल. मी त्याला सांगतो, आणलीय, घालतो. आणलेली नाही, आप्पा. सकाळी शेड उघडायला जाताना मी मुद्दाम त्याच्यावरूनच जातो.