सबर्बनची सहा चाकं

२ मार्च, शनिवार
निर्णय झाला. आपल्या सबर्बन गाडीला मागे चार चाकं बसवायची. डावीकडे दोन, उजवीकडे दोन, पुढची धरून सहा. गाडी अठ्ठावीस वर्षांची आहे, पण इंजिन माझ्यासारखं ठणठणीत.
कारण लिहून ठेवतो. ८ जूनला अ‍ॅबिलीनला लेकीची, टेसची फायनल, पिंपांभोवती घोडी पळवायच्या शर्यतीची. शाळेचं शेवटचं वर्ष. ऑगस्टमध्ये पोरगी कॉलेजला जाणार, मग कसलं आलंय बघणं. तेव्हा घोडीचा ट्रेलर मीच ओढणार आणि ती पळताना मी तिथे हजर असणार. मागच्या खेपेला वाऱ्यात ट्रेलर असा डुलला की बायकोनं, नोरीननं, दोन्ही हातांनी डॅशबोर्ड धरला. तिचा भाऊ रॉयस लगेच म्हणाला, मी नेतो की माझ्या पिकअपनं, तू कशाला जिवाचा आटापिटा करतोस व्हर्लिन? त्याच्या पिकअपला सहा चाकं आहेत. कर्जाची आहेत.
काम तीन वीकेंडचं. फार तर चार.

१० मार्च, रविवार
चर्चला दांडी. भंगारवाल्याकडे एका जुन्या पिकअपचा अख्खा मागचा अ‍ॅक्सल मिळाला. वर दोन रुंद फायबरचे फेंडर, चाकांवरची झाकणं, त्यानं फुकट दिले. भला माणूस. अ‍ॅक्सल तात्पुरता नोरीनच्या गुलाबांशेजारी ठेवलाय. गुलाबांवर नाही. एकाच गुलाबावर.

३१ मार्च, रविवार
काम वेळेवर चाललंय, फक्त वेळ जरा पुढे गेली. जुने नट गंजून बसलेत. तेल घातलं, तापवले, ठोकले. शेवटी शिव्या दिल्यावर एक निघाला. उरले पंधरा.
टेसनं विचारलं, डॅडी, गाडी तोपर्यंत चालेल ना? म्हटलं, चालेल काय, धावेल! ती बरं म्हणाली आणि घोडीला खरारा करायला गेली. पोरीचा विश्वास आहे माझ्यावर.

२१ एप्रिल, ईस्टर
सासूबाई जेवायला. मिस ओपल, वय एक्क्याऐंशी, जीभ पंचविशीतली. हॅम खाल्लं आणि गाडी बघायला अंगणात आल्या. गाडी ठोकळ्यांवर, मागची चाकं गायब. म्हणाल्या, हिला मूठमाती कधी देणार?
नातीची फायनल बघायला त्याही येणार आहेत. म्हटलं, या की, मागच्या सीटवर राणीसारख्या बसा.

१८ मे, शनिवार
बसली! सहाच्या सहा! मागून पाहिलं आणि डोळे भरून आले. नोरीन म्हणाली, वेल्डिंगचा चष्मा घालत जा जरा.
फेंडरही चढवले. बोल्ट, वर पुट्टी, वर रंग. सांधा शोधून दाखवा म्हणावं.

१९ मे, रविवार
किरकोळ बाब. मागचे दरवाजे उघडत नाहीत.
फेंडर पिकअपचे. तिथे चाकाशेजारी दरवाजा नसतो. सबर्बनचा दरवाजा नेमका चाकाच्या कमानीवर येतो आणि मी फेंडर त्याच्यावरून घेतलाय. रॉयस म्हणाला, अरे शहाण्या, मोजताना दिसलं नाही का? मोजताना दरवाजा बंद होता, त्याला मी काय करणार! रॉयस इतका हसला की त्याला बादलीवर बसावं लागलं.
तशी डिकी आहेच चढायला.

१ जून, शनिवार
ट्रायल. रिकामी गाडी, पन्नास मैल. समोरून येणारे पिकअपवाले आपल्याकडे स्टीअरिंगवरून एक बोट उचलतात, तेवढा रामराम. आज दोघांनी दोन-दोन बोटं उचलली. उगाच नाही.
बँकेच्या गाडीत बसूनच पैसे घ्यायच्या खिडकीपाशी बाहेरचं चाक कट्ट्यावर चढलं. कट्टाच चुकीच्या जागी बांधलाय.

७ जून, शुक्रवार
आज फेंडर कापून दरवाजे मोकळे करायचे होते. पण रंग काय सुरेख आलाय! नोरीननं विचारलं, रॉयसला सांगून ठेवू का? म्हटलं, खबरदार.

८ जून, शनिवार, सकाळी आठ
निघतोय. सासूबाई डिकीतून चढल्या. नोरीननं आतून ओढलं, मी बाहेरून रेटलं. म्हणाल्या, बापजन्मात मला कुणी असं भरलं नव्हतं. मग ट्रेलर जोडला, घोडी चढवली. आम्ही तिघं पुढे, टेस मध्ये.

सव्वानऊ, स्वीटवॉटर, पेट्रोल पंप
ट्रेलर एक इंचही डुलला नाही. एक इंचही नाही!
सासूबाईंना बाथरूमला जायचंय. दरवाजे उघडत नाहीत. डिकी ट्रेलरला अडते. म्हटलं, पुढच्या सीटवरून या ना ओलांडून. त्यावर त्या जे बोलल्या ते चर्चमधल्या बायकांना कळवू नये.

पावणेदहा
घोडी उतरवली, ट्रेलर सोडला, सासूबाईंना काढलं. तेवढ्यात रॉयस पंपावर हजर. म्हणे, इकडूनच चाललो होतो. नोरीन फोन पर्समध्ये टाकत होती.
त्यानं ट्रेलर चार मिनिटांत आपल्या पिकअपला जोडला. सासूबाई त्याच्या मागच्या सीटवर बसल्या आणि दरवाजा दोनदा उघडून मिटून बघितला, मला दिसेल असा. नोरीन आणि टेसही त्यातच चढल्या. टेस म्हणाली, डॅडी, माझा नंबर साडेअकराला आहे, लगेच ये हं मागोमाग.
चाळीस मैल. वेळच वेळ. पेट्रोल भरून निघतो.

दुपारी एक, अ‍ॅबिलीन, पार्किंग
निघतच होतो. एक म्हातारे गृहस्थ गाडीभोवती फेरी मारून आले आणि म्हणाले, हे तुम्ही स्वतः केलंत? आता असं कुणी विचारल्यावर माणसानं काय करावं? अ‍ॅक्सलपासून सांगितलं. त्यांनी भावाला हाक मारली, मग त्याला पहिल्यापासून. खाली झोपून बोल्ट दाखवले. भाऊ म्हणाला, व्वा! तीन महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी व्वा म्हणालं.
मग त्यांना भूक लागली. माझ्या घड्याळात अकरा वीस.

९ जून, रविवार
काल नोरीननं शर्यतीचा व्हिडिओ लावून फोन हातात दिला. सोळा पॉइंट नऊ सेकंद. टेस आजवर इतकी जोरात पळालेली नाही. तिसऱ्या पिंपाला घोडी अशी वळली की मी फोनकडे बघतच ओरडलो.
व्हिडिओत पुढे, पळून झाल्यावर टेस घोडी बाहेर नेत नाही. कुंपणाजवळून सावकाश चालवते आणि एकेक चेहरा बघत जाते. शेवटपर्यंत जाते. मग परत वळून पुन्हा पहिल्यापासून बघते. मागून कुणीतरी तिला बाहेर यायला सांगतं.
तिला सांगितलं, ट्रॅफिक लागला गं. ती म्हणाली, असेल, डॅडी. माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि घोडीला पाणी दाखवायला गेली. शनिवारी त्या रस्त्यावर ट्रॅफिक नसतो. हे तिला माहीत आहे.
मला लाज वाटते. तिला अजून खरं सांगितलेलं नाही.