आप्पासाहेबांची डाळ आणि माझा फेटा

लातूर,
गुरुवार

श्री. शरणप्पा यांस वीरभद्रचे मनःपूर्वक शरणार्थ.

आपण व आपल्या घरची मंडळी कुशल असाल असे मी गृहीत धरतो. विरुद्ध पुरावा हाती येईपर्यंत तसे गृहीत धरण्यास तर्कशास्त्राची हरकत नाही. आपल्या गुडघ्याविषयी मात्र तसे करता येत नाही, कारण तो बरा असल्याचे आपण फोनवर सांगता आणि त्याच फोनवर कण्हता. आपल्या भगिनी, म्हणजे माझ्या पत्नी बसम्मा, प्रकृतीने उत्तम आहेत व माझ्याशी मोजके बोलतात. (कारण ओघात येईल.) फोन न करता पत्र लिहितो आहे, कारण फोनवर आपण मला दुसऱ्या वाक्यापलीकडे जाऊ देत नाही, आणि माझे म्हणणे सहसा तिसऱ्या वाक्यापासून सुरू होते.

बिलोलीच्या आपल्या नव्या घराचा गृहप्रवेश आपण विसरला नसाल. जंगमस्वामींचा प्रसाद झाल्याखेरीज आपल्यात पंगत बसत नाही आणि वरण असल्याखेरीज स्वामींचे ताट पूर्ण होत नाही. त्या दिवशी डाळ शिजेना. स्वामी पाटावर, सारे गाव मांडवात, आचारी पातेल्यात झारा फिरवून दाण्यांचा खडखडाट ऐकतो आहे, आणि आपण उपरण्याने घाम पुसत प्रत्येकाला ‘झालंच, झालंच’ म्हणत आहात, हे दृश्य मी विसरू शकलो नाही. (देगलूरकडची पाहुणेमंडळी शेवटची गाडी चुकेल म्हणून नुसता शिरा खाऊन गेली. आपल्या विहिणीने त्याचा उल्लेख त्यानंतर प्रत्येक कार्यात केला आहे, असे बसम्मा सांगतात.) डाळ होती रेणापूर रस्त्यावरच्या ‘सोनकण डाळ उद्योगा’ची. पुढे त्या उद्योगाचे व्यवस्थापकीय संचालक आप्पासाहेब यांनी एका मुलाखतीत छातीठोकपणे सांगितले की आमची डाळ शिजतेच; जिथे शिजत नाही, तिथल्या पाण्यात खोट असते.

यावर मी माझ्या ब्लॉगवर लिहिले. हा ब्लॉग माझी नात अंबिका हिने मी प्राध्यापकीतून निवृत्त झाल्यावर मला उघडून दिला. (माझे बोलणे घरात कोणी ऐकत नाही, म्हणून ते जगाला ऐकवावे, ही तिची सूचना. जगाने घरापेक्षा वेगळी वागणूक दिलेली नाही.) त्याचे नियमित वाचक दोन: अंबिका, जी शुद्धलेखन तपासते, आणि आपण, जे प्रत्येक लेखाखाली, श्रद्धांजलीच्या लेखाखालीसुद्धा, हसरा चेहरा टाकता. मी एवढेच म्हटले होते की डाळ शिजली तर डाळ चांगली आणि न शिजली तर पाणी वाईट, हे विधान पृथ्वीवरील कोणतीही डाळ खोटे पाडू शकत नाही; आणि जे कशानेच खोटे पडू शकत नाही ते विधान सत्य नसते, केवळ सुरक्षित असते. पुराव्यादाखल आपल्या मांडवाची हकीकत आपले नाव न घालता दिली होती. ‘माझे एक मेहुणे’ इतकाच उल्लेख होता.

पंधरवड्यात वकिलांची नोटीस आली. तिच्या पहिल्या परिच्छेदात म्हटले होते की माझा ब्लॉग इतका क्षुद्र आहे की कोणी शहाणा माणूस तो वाचत नाही. दुसऱ्यात म्हटले होते की त्या ब्लॉगमुळे आप्पासाहेबांची संपूर्ण मराठवाड्यात बेअब्रू झाली. (दोन्ही परिच्छेद खरे मानले तर संपूर्ण मराठवाड्यात एकही शहाणा माणूस नाही असे सिद्ध होते. ही बदनामी माझ्या लेखातल्याहून मोठी आहे.) लेख काढून टाकावा आणि माफी मागावी, अन्यथा न्यायालय. माफीचा मसुदाही सोबत होता. मी तो दुरुस्त करून परत पाठवणार होतो, परंतु बसम्मांनी विचारले, “म्हातारपणी कोर्टात उभं राहायची हौस आली हाय का? त्यापरीस गच्चीवर उभं राहा, पापड तरी राखाल.” तेव्हापासून त्या मोजके बोलतात. मी मात्र ठरवले की लेखातला एक शब्दही हलणार नाही.

त्याच दुपारी कंपनीचे प्रसिद्धी अधिकारी शेषेराव घरी आले, ते कंपनीच्या वर्धापनदिनी ‘ज्येष्ठ विचारवंत’ म्हणून माझा सत्कार करण्याचे निमंत्रण घेऊन. मी त्यांच्यापुढे नोटीस ठेवली. त्यांनी ती उलटून मागची कोरी बाजूही पाहिली.

“सर, वरच्या मजल्यावरची माणसं खालच्या मजल्याला काय सांगत न्हाईत,” ते म्हणाले. “आमी यादी करून राहिलोत. नोटीस राहू द्या बाजूला. फेटा केशरी चालंल का गुलाबी?”

आपल्या भागातली ही पद्धत आपणास ठाऊक आहे. ज्याच्या हातचा फेटा डोक्यावर घेतला, त्याच्याविरुद्ध पुन्हा लिहायचे नसते. असे कितीतरी निर्भीड लेखक मी शालीखाली कायमचे झाकलेले पाहिले आहेत. परंतु सत्कारानंतर सत्कारमूर्तीचे मनोगत असते, आणि मनोगताला व्यासपीठावरून कोणी अडवू शकत नाही. लेख काढायला सांगणाऱ्यांच्याच ध्वनिक्षेपकावरून लेख वाचायचा, असा निर्णय करून मी केशरी सांगितला.

वर्धापनदिनी व्यासपीठावर फेटा त्यांनी कानांवरून बांधला. शाल, श्रीफळ आणि डाळीची एक पिशवी मिळाल्यावर मी खिशातून लेख काढला आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचला. पहिल्या वाक्याला टाळ्या पडल्या. मला वाटले, समज वाढली आहे. दुसऱ्या वाक्यालाही पडल्या. ‘सत्य नसते, केवळ सुरक्षित असते’ येथे आप्पासाहेबांनी स्वतः मोबाइलवरून डोळे न उचलता मान डोलावली व मोबाइलसकट टाळ्या वाजवल्या. खाली उतरताना फेट्यातून कसेबसे ऐकू आले:

“लई बोलले सर.”

“कशावर बोलले?”

“डाळीवर.”

“हाव, डाळीवर बोलाय अभ्यास लागतो.”

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात ‘ज्येष्ठ प्राध्यापकांकडून डाळीचा गौरव’ अशी बातमी होती, आणि तिसऱ्या दिवशी वकिलांचे पत्र: आपण जाहीर व्यासपीठावरून व्यक्त केलेल्या सद्भावना लक्षात घेता नोटीस मागे घेण्यात येत आहे. माझे तोंड बंद करण्यात आले असते तर मला निदान ते कळले असते, शरणप्पा. येथे ते उघडे ठेवून, आतून निघणारा शब्द टाळ्यांखाली पुरला गेला, आणि पुरणाऱ्यांपैकी कोणाच्याही मनात पाप नव्हते. तरीही माझी भूमिका बदललेली नाही. जे खरे आहे ते चारचौघांत सांगितलेच पाहिजे, मग ते कोणाच्याही गैरसोयीचे असो. या तत्त्वाला अपवाद नाही.

आपला,
वीरभद्र

ता. क. आपले जावई नांदेडला वकिली करतात. नोटीस मागे घेण्यास माझी हरकत असल्याचे एक कडक पत्र त्यांनी कंपनीला लिहावे, म्हणजे नोटीस पुन्हा येईल. तिच्यावाचून माझा लेख गौरवपर ठरतो.

ता. क. दुसरे. सत्काराची डाळ बसम्मांनी आज शिजायला टाकली. ती शिजली, लोण्यासारखी शिजली. मी कुकर पुन्हा लावून पाहण्याविषयी सुचवले, तेव्हा त्या म्हणाल्या, “जेवा. का वकिलाला इचारून घास घेणार?” यातून दोन अनुमाने निघतात. एक, सत्काराची डाळ निवडक असते. दोन, आपल्या नव्या घराच्या बोअरच्या पाण्यात खोट आहे. निर्णयासाठी त्या पाण्याची एक बाटली एसटीने येणाऱ्या कोणाबरोबर तरी पाठवावी. पत्र लिहिण्याचे मूळ कारण हेच. बाटलीवर नाव घालू नये.

ता. क. तिसरे व अखेरचे. वरील दुसऱ्या ता. क.मधील मजकूर आपण कोठेही, विशेषतः विहिणीसमोर अथवा ब्लॉगखाली, हसऱ्या चेहऱ्याच्या रूपानेही प्रकट करू नये. तसे झाल्यास माझ्या प्रतिष्ठेस पोहोचणाऱ्या हानीबद्दल मला आपल्या जावयांमार्फत आपणासच नोटीस पाठवावी लागेल. माफीचा मसुदा तयार आहे. आप्पासाहेबांनी पाठवलेलाच आहे, फक्त शुद्धलेखन सुधारले आहे.