मुचानेताला टोचलेली सुई

१२ ऑगस्ट, मंगळवार

मुचानेताला टोचून आणलं एकदाचं! गुरांना गोचिडाच्या औषधात बुडवायच्या हौदापाशी कुत्र्यांची ही रांग. जनावरांच्या खात्यातला चिहुरे – कालचं पोर – एकाच खोक्यातून सगळ्यांना टोचत होता. म्हणाला, "माई, दोन दिवस सुस्त राहील, टोचलं तिथं गाठ येईल. घाबरू नका." घाबरतंय कोण? पण खोक्यात बर्फ म्हणे. बर्फ कसला, पाणीच होतं नुसतं!

शेजारीण माई तावोंगा पुढेच उभी. मी माझ्या कुत्र्याला हाक मारली की तोंड वाकडं करते. करू दे. मुचानेता – म्हणजे बोलून बोलून थकाल! नाव तिच्याचसाठी ठेवलंय, तिलाही ठाऊक आहे.

१३ ऑगस्ट

मानेवर लिंबाएवढी गाठ. झोपून आहे.

१५ ऑगस्ट

तिसरा दिवस. मक्याच्या पिठाचा घट्ट साद्झा पुढ्यात ठेवला, नुसता हुंगतो. लाळ गळतेय. दोनच दिवस म्हणाला होता ना? माई तावोंगाचा कुत्रा त्याच बाटलीतलं टोचून घेऊन माझ्या कोंबड्यांमागे धावतोय! मग माझ्याच कुत्र्याला का? बाटलीच्या तळाचा गाळ टोचला असणार. नाहीतर हिनेच कुंपणावरून काही टाकलं. तोंडावर विचारलं. म्हणते, "तुझ्या कुत्र्याला विष घालून मला काय सोनं मिळणार गं? आधीच थकलेय मी!" वर हसते!

१६ ऑगस्ट

जबडा मिटत नाही त्याचा. आवाज घोगरा. घशात सूज उतरली त्या सुईची, दुसरं काय! नात रुवा म्हणाली, "आजी, हाड अडकलं असेल, मी बघू?" हाकललं तिला – तुझ्या हाताला धीर नाही. मीच बोटं घालून आतपर्यंत चाचपलं. हाड नाही. साद्झाच्या गोळ्या करून ढकलल्या. बोटाला दात लागला थोडा. सगळं बाहेर आलं.

उद्या त्या चिहुरेला धरून आणते. भरून दे म्हणावं माझा कुत्रा!

१७ ऑगस्ट

आणला. वाटभर माझी टकळी चालूच. अंगणात शिरला आणि लांबच थांबला. गाठ बघायलासुद्धा जवळ जाईना! मी म्हटलं, आता का दातखीळ बसली?

तर विचारतो, "माई, गेल्या दोन महिन्यांत कोल्हा आला होता घराकडे?"

आला होता की. जुलैच्या सुरुवातीला, खुराड्यापाशी. मुचानेताने लोळवला त्याला! ह्याचा ओठ फाटला, मी राख लावली. गावभर सांगत फिरले.

"तेव्हाच पिसाळलेल्या कोल्ह्याचं विष शिरलं, माई. सुईला उशीर झाला. हे सुईचं नाही."

मग हळूच – "ह्याला भरवलं कुणी?"

साबणाने पंधरा मिनिटं हात धुवायला लावले. घड्याळ बघत उभा राहिला. कालचं पोर, पण मला हलू देईना.

१८ ऑगस्ट

पहाटे गेला मुचानेता. रुवाने हात लावला नव्हता – तीनदा विचारलं. इथल्या दवाखान्यात माणसाला टोचायची सुई संपलीय. मास्विंगो शहरात मिळेल म्हणे. रुवाला माई तावोंगाकडे सोडलं. तिने दारातच पोरीला जवळ घेतलं, मला म्हणाली, "जा. मी आहे."

बस अजून येत नाही.