खडूचं घर

४ फेब्रुवारी
डॉक्टरांनी शिवणकाकूंच्या कागदावर 'सोमवारी घरी' असं लिहिलं आणि राउंड पुढे गेला. झालं त्यांचं काम! माझं इथून सुरू. औषधं जुळवा, त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांना फोन करा, घर बघून या, सोडायला जा, मग पुन्हा विचारपूस. वॉर्डात मला 'पोचवणारी' म्हणतात. वर नाही हो, घरी! हे प्रत्येक नव्या पेशंटला सांगावं लागतं.

काकू एकट्या राहतात. आयुष्यभर लोकांचे कपडे शिवले, म्हणून शिवणकाकू. बाथरूमच्या दारात पडल्या. हाड एकही मोडलं नाही, पण उठताच येईना. शेजारीण येईपर्यंत गार फरशीवर, त्यातून न्यूमोनिया. मुलाने आज स्पष्टच सांगितलं — "सिस्टर, पुन्हा एकदा पडली की वृद्धाश्रम. मग मी कुणाचं ऐकणार नाही." काकू भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. झोपल्या नव्हत्या.

६ फेब्रुवारी
घर बघून आले. लख्ख! वाटेत अडथळा म्हणून नाही. मापं घेतली आणि व्यायामाच्या खोलीत फरशीवर खडूने काढलं — पलंग, दार, उंबरठा, बाथरूम. ही युक्ती माझीच, आणि मला तिचा अभिमान आहे. पेशंटने आधी खडूच्या घरात वावरायचं, मग खऱ्या.

काकू वॉकर घेऊन चालल्या, मध्येच थांबल्या. "माझं मशीन कुठाय?" मी म्हटलं, काकू, पायांकडे लक्ष द्या.

७ फेब्रुवारी
फिजिओशी वाजलं. मी म्हणते, पडल्यावर उठायचं कसं ते शिकव. तो म्हणतो, "मी पडू नये म्हणून शिकवतो." अरे बाबा, माणूस आहे, पडणारच! उठता आलं नाही म्हणून तर त्या इथे आल्या.

शेवटी गादी अंथरली. कुशीवर वळा, गुडघ्यांवर या, खुर्ची धरा, एक पाय पुढे. काकू चिडल्या, रडल्या, मला 'मेली' म्हणाल्या. आणि उठल्या! फिजिओनेच टाळ्या वाजवल्या. माझी कॉलर ताठ.

८ फेब्रुवारी
पुन्हा गादी. आज शिव्या कमी.

१० फेब्रुवारी
पोचवलं — आणि दारातच फजिती! काकूंनी आत नजर टाकली नि हुकूम सोडला, "मशीन आणा माझं." मी बघायला येणार म्हणून मुलाने घर आवरलं होतं. मशीन शेजारणीकडे! पाहुणे यायचे म्हटल्यावर कोण आवरत नाही? आणि मी शहाणी, पाहुण्यांसाठी आवरलेल्या घराची मापं घेऊन आले.

मशीन आलं. पलंग आणि बाथरूम यांच्या बरोबर मध्ये. मुलगा म्हणाला, "वाटेत येतंय." काकूंनी त्यावर हात टेकला आणि झोकात वळल्या. वॉकरने कधी इतक्या छान वळल्या नव्हत्या. मी ते गदागदा हलवून पाहिलं. पायाचं, लोखंडी, तसूभर हललं नाही.

म्हटलं, राहू दे इथेच.

"पडली तर तुम्ही जबाबदार," मुलगा म्हणाला. मी 'बरं' म्हणून बसले.

११ फेब्रुवारी
फोन केला. बीपीची गोळी आम्ही दिलेलीही घेणार होत्या आणि जुन्या डब्यातलीही. औषध तेच, नाव वेगळं! वेळेत थांबवलं. दुसऱ्या दिवशीचा फोन कशाला, असं विचारणाऱ्यांनी हे ऐकावं.

१५ फेब्रुवारी
नवा नियम. घर बघायला जाण्याआधी घरच्यांना ताकीद — काही आवरायचं नाही!

२४ फेब्रुवारी
काकूंकडे जाऊन आले. उशीचे अभ्रे शिवत होत्या. मला म्हणाल्या, "आलीस मेली? बस." इतकं बरं वाटलं!

२ मार्च
मुलाचा फोन. "आई पडली." मी विचारलं, "कुठे? कशी?"

"माझ्यासमोर. मी धावलो तर ओरडली, हात लावू नकोस! कुशीवर वळली, गुडघ्यांवर आली, मशीन धरलं आणि उठली."

वृद्धाश्रमाचं विचारायला माझी जीभ रेटेना.

तोच म्हणाला, "मशीनला तेल हवंय म्हणते. आणायला निघालोय."