मृत्युपत्र, त्या दिवशीच्या सोलकढीच्या खुलाशासह

लिहून ठेवणार: श्रीमती यमुना दत्ताराम शिवलकर, वय ६८, धंदा कोकम सरबत व आगळ, राहणार आरे, तालुका व जिल्हा रत्नागिरी.

माझ्या रक्तात साखर आहे, मूत्रपिंडं दमली आहेत, पण डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी तसा कागद दिला आहे, तो सोबत जोडला आहे. मला कोणी भरीस घातलेलं नाही की धाक दाखवलेला नाही. शाळा चौथीला सुटली. पुढचं लिहिणं-वाचणं दुकानातल्या रद्दीवर शिकले, म्हणून अक्षर मोठं आहे. वकिलांनी दिलेला नमुना समोर ठेवला आहे. जिथे तो माझ्या कामाचा नाही तिथे मी माझ्या शब्दांत लिहिते.

कलम १. माझे पती दत्ताराम अकरा वर्षांपूर्वी वारले. मला दोन मुलं. मुलगा संदेश बोटीवर नोकरीला, वर्षातले आठ महिने पाण्यावर. मुलगी वेदिका खेडला दिलेली. सून मृणाली आणि नात सानवी माझ्यापाशी राहतात. याखेरीज कोणी वारस नाही. कोणी निघालाच तर त्याला एक पेला सरबत पाजून वाटेला लावावं.

कलम २. चिऱ्याचं चार खोल्यांचं घर माझ्या नावावर आहे. ते संदेश आणि मृणाली या दोघांना, निम्मं निम्मं. कागदोपत्री ‘संदेश व कुटुंब’ असं लिहू नये. मृणालीचं नाव पुरतं लिहावं. मागची खोली वेदिकाची. ती मे महिन्यात येवो की रागावून अवेळी येवो, खोली झाडलेली असावी.

कलम ३. बँकेत जे असेल ते सानवीच्या शिक्षणाला. दागिने वेदिकाला. पाटल्या दोनच राहिल्यात, त्यांवरून भांडण होण्यासारखं काही नाही.

कलम ४. घरामागची आठ रातांब्याची (कोकमाची) झाडं, बरण्या, आगळाची म्हणजे खारवलेल्या कोकमरसाची पिंपं, सालं वाळवायच्या चटया आणि सरबताचा धंदा एकट्या मृणालीला. संदेशला यात वाटा नाही. रातांबे फोडून फोडून आंबटाने बोटांची कातडी सोलवटते, ती त्याने कधी सोलवटून घेतलेली नाही.

कलम ५. रस्त्यावरच्या दुकानातला फ्रीज माझा नाही, कोल्ड्रिंकच्या कंपनीचा आहे. त्यात फक्त त्यांच्याच बाटल्या ठेवायच्या, अशी अट. माझं सरबत इतकी वर्षं माठाशेजारी बसून राहिलं. मी गेल्यावर फ्रीज लगेच परत करावा. टेम्पोतून बाटल्या टाकणाऱ्या दादूला मात्र कोणी बोल लावू नये. मला पहिल्यांदा हटकलं ते त्यानेच.

“मावशी, तुमच्याकडे गिऱ्हाईक चार आणि रिकाम्या बाटल्या चौदा. पितंय कोण?”

“माकडं,” मी म्हटलं.

“झाकण फिरवून उघडतात? हुशार आहेत हो तुमच्या आऱ्यातली माकडं.”

कलम ६. माकडं म्हणजे मी.

रातांब्याच्या दिवसांत सकाळपासून आगळ ढवळायचं, चाखायचं, परत मीठ बघायचं. दुपारपर्यंत जिभेचं चामडं होतं. अशाच एका दुपारी फ्रीजमधली काळी बाटली उघडली. गार, गोड, नाकात झिणझिण्या. नवऱ्याच्या देखत सुरू झालं हे, त्यामुळे विधवेचं दुःख वगैरे निमित्त मला सांगता येत नाही. आवडलं म्हणून प्यायले.

नऊ वर्षांपूर्वी साखर निघाली, तेव्हापासून सोडते आहे. दिवसाआड करून पाहिलं. दिवसाला एक कप, असं ठरवलं, तर कप मोठा घेतला. फ्रीजची चावी सानवीकडे दिली. पोरीने पहारा चोख ठेवला, तेव्हा मी रत्नागिरीत जाऊन दुसरी करून आणली. नुसत्या सोड्यात लिंबू पिळून प्यायले, पण जीभ काही फसली नाही. कोकमात सोडा घालून पाहिला. तो पर्यटकांना आवडला, धंदा वाढला, माझी तहान आहे तिथेच. सर्वांत जास्त टिकले ते एकोणीस दिवस. विसाव्या दिवशी डोकं असं ठणकलं की उभ्याने अर्धी बाटली संपवली. दारू सोडणाऱ्याला घरची माणसं निदान विचारतात तरी. मला कोण विचारणार, हे पोरासोरांचं पेय. सोडून सोडून मी जेवढी दमले आहे तेवढी पिऊन दमले नव्हते.

कलम ७. हे कलम सर्वांसमोर मोठ्याने वाचावं. गाळू नये.

चार वर्षांपूर्वी वेदिकाचं लग्न जमलं. खेडची माणसं याद्या करायला आली, संदेश सुट्टीवर होता, बारा पानं मांडली होती. तेव्हा मी सगळ्यांना सांगितलं होतं की मी सोडलंय. खरं तर मी ते काळं पाणी आगळाच्या रिकाम्या बाटलीत भरून आगळाच्याच कपाटात ठेवत होते. फेस गेलेलं, कोमट, तरी प्यायचे. इतकी खाली उतरले होते.

मृणालीने सोलकढीसाठी नेमकी ती बाटली उचलली. बाटली काळपट, आत रंग काळपट, घाई, बारा माणसं. नारळाच्या दुधात ओतल्यावर ते फुटलं, तेव्हा तिला नारळ जुना वाटला. मीठमिरची घालून तशीच वाढली.

वेदिकाच्या सासूबाई वाटीकडे बघत म्हणाल्या, “ही कढी की चहा?”

सगळे हसले. संदेश पंगतीत मृणालीला म्हणाला, “एवढंही जमत नाही तुला?” वेदिका उठून आत गेली. मी पहिल्याच घोटाला ओळखलं होतं. मी वाटी खाली ठेवली आणि म्हटलं, “होतं गो असं कधी कधी.” हे माझे शब्द. कोकणातल्या माणसांना कोकमवालीच्या घरी गोडुस तपकिरी कढी मिळाली, आणि कोकमवाली सुनेला माफ करून मोकळी झाली.

पाहुणे गेल्यावर मृणाली भांडी घासत होती. तोंड न फिरवता म्हणाली, “आई, ती बाटली मी वेगळी ठेवलीय. यापुढे आगळाच्या कपाटात नको.”

बस. पुढे आजपर्यंत एक शब्द नाही. स्वतःच्या नवऱ्यालाही नाही.

वेदिका सहा महिने तिच्याशी नीट बोलली नाही. मग बोलणं सुरू झालं ते थट्टेवर. या घरात आता काहीही बिघडलं, मोबाइल असो की मिक्सर, की म्हणतात, “ह्याची वहिनीची सोलकढी झालीय.” संदेश बोटीवरून फोनवर म्हणतो. मृणाली त्यात हसते. पण त्या दिवसापासून माणसं जेवायला असली की ती म्हणते, “कढी तुम्हीच करा, आई.” हात तिचा माझ्यापेक्षा चांगला आहे.

मी ठरवलं होतं की सोडल्यावर सांगीन. म्हणजे सांगताना म्हणता आलं असतं, प्यायचे मी एकेकाळी. नऊ वर्षांत ते एकेकाळी काही आलं नाही. आता डॉक्टर सांगतात की वाट पाहण्याइतका वेळ धरून चालू नका. तेव्हा न सोडताच सांगते: कढी मी बिघडवली. मृणालीची चूक नव्हती. तिने माझी लाज राखली आणि मी तिची राखली नाही. आजचा अर्धा कपही झालेला आहे, तेही इथेच नोंदवते.

कलम ८. दहाव्याला कावळा शिवला नाही तर कोणी काळी बाटली आणून पिंडाशेजारी ठेवू नये. थोडा धीर धरावा, मी येईन.

कलम ९. याची अंमलबजावणी शेजारचे बाळा मयेकर यांनी करावी.

वरील मजकूर सहीपूर्वी दोन्ही साक्षीदारांना वाचून दाखवला. आशासेविका ज्ञानेश्वरीने डोळ्यांना पदर लावला. बाळा मात्र चष्मा काढून म्हणाला, “काकी, सातव्या कलमासाठी मरायची वाट कशाला बघतंस? तू गेल्यावर ते वाचून मृणालीला काय मिळणार? रडतील सगळी, म्हणतील आई किती मोठ्या मनाची.”

म्हणून साक्षीदारांच्या समक्ष वेदिकाला फोन लावला आणि कलम सात शब्दाला शब्द वाचून दाखवलं. मृणाली आत तांदूळ निवडत होती, तिनेही ऐकलं. संदेशच्या बोटीला सध्या रेंज नाही, सबब त्याच्यापुरतं ते कलम कायम राहील.

वेदिकाने शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, “वहिनीला फोन दे.”

फोन मी मृणालीच्या हातात दिला आणि पडवीत येऊन बसले. आत काय बोलणं झालं ते मला ठाऊक नाही, सबब ते इथे लिहिलेलं नाही.

सही: यमुना दत्ताराम शिवलकर

साक्षीदार, ज्यांच्यादेखत सही झाली:
१. बाळा गंगाराम मयेकर, शेजारी
२. ज्ञानेश्वरी विलास सुर्वे, आशासेविका

ठिकाण: आरे, जि. रत्नागिरी
दिनांक: ९ नोव्हेंबर २०२५, रविवार